मस्टँग जीटीसाठी कोल्ड एअर इनटेक : कोणत्या निकषांवर निवडावा?

निळाशार (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१८ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. ५.० लिटरचे व्ही-८ इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल पेटी, आणि कारखान्यातून आली तशीच, काहीही बदल न केलेली. गाडी वापरलेली घेतली आहे आणि कंपनीच्या वॉरंटीची मुदतही संपली आहे, त्यामुळे वॉरंटीचा प्रश्न उरलेला नाही. आठवडाभर ती कार्यालयात जाण्यायेण्यासाठी चालते, सुट्टीच्या दिवशी स्कायलाइन किंवा हायवे ९ च्या वळणांवर जाते आणि पुढेमागे थंडरहिल किंवा लागुना सेका या शर्यतीच्या ट्रॅकवर ट्रॅक-डेला (हौशी चालकांना ट्रॅकवर गाडी चालवू देतात त्या दिवशी) न्यावी असे मनात आहे.

गाडीत पहिला बदल म्हणून कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा पोहोचवणारा फिल्टर आणि नळी यांचा संच, बसवावा असे जवळजवळ प्रत्येक जण सुचवतो. रौश, के अँड एन, जेएलटी, स्टीडा अशी अनेक नावे समोर येतात, किमती साधारण साडेतीनशे ते पाचशे डॉलरच्या घरात आहेत आणि प्रत्येकाच्या पानावर डायनोचा (गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा) एक आलेख दिलेला असतो, ज्यात मूळ इनटेकची रेषा खाली आणि त्यांची रेषा वर असते. या आलेखांवर कितपत विसंबावे हे मला उमगत नाही. फिल्टर उघडा असावा की बंद पेटीत, तेल लावलेला कापडी घ्यावा की कोरडा, नळी प्लास्टिकची घ्यावी की अ‍ॅल्युमिनियमची, आणि ‘ट्यूनची गरज नाही’ (ट्यून म्हणजे इंजिनच्या संगणकातील सॉफ्टवेअर बदलणे) असे लिहिलेले असते त्याचा नेमका अर्थ काय, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. कोणता ब्रँड घ्यावा यापेक्षा निवड कशी करावी हे समजून घेण्यात मला अधिक रस आहे.

सह्यकडा (फ्रिमाँट, कॅलिफोर्निया)

आपण कॅलिफोर्नियात राहता, त्यामुळे सर्वांत आधी कायद्याची बाजू पाहावी. तिच्यामुळे निम्मी यादी आपोआप गळून पडेल. राज्याच्या वाहन संहितेतील कलम २७१५६ नुसार प्रदूषण नियंत्रण यंत्रणेवर परिणाम करू शकेल असा कोणताही बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. अपवाद फक्त ज्या भागाला एअर रिसोर्सेस बोर्डाने, म्हणजे आपण ज्याला ‘कार्ब’ म्हणतो त्याने, सूट देणारा आदेश दिला आहे त्याचा. या आदेशाचा क्रमांक ‘डी’ या अक्षराने सुरू होतो आणि इनटेकसोबत तो छापलेला एक स्टिकर येतो, जो बॉनेटखाली सहज दिसेल अशा जागी चिकटवायचा असतो. स्मॉग चेकच्या, म्हणजे राज्यातील सक्तीच्या प्रदूषण तपासणीच्या, वेळी तंत्रज्ञ धुराच्या तपासणीबरोबरच नजरेनेही पाहणी करतो, आणि हवेच्या फिल्टरच्या मूळ पेटीच्या जागी दुसरीच वस्तू दिसली की तो आधी हा क्रमांक शोधतो. क्रमांक नसेल तर गाडी कितीही स्वच्छ चालत असली तरी ती नापास होते.

यात लोक एक गोष्ट हमखास विसरतात. आदेश कंपनीच्या सगळ्याच मालाला लागू नसतो, विशिष्ट भाग क्रमांकाला आणि विशिष्ट मॉडेल-वर्षांना असतो. २०१५ ते २०१७ च्या मस्टँगसाठी मान्यता असलेला इनटेक २०१८ च्या गाडीला मान्य असेलच असे नाही, कारण २०१८ साली इंजिनात बरेच बदल झाले आणि थेट सिलिंडरमध्ये होणाऱ्या इंजेक्शनची त्यात भर पडली. म्हणून विक्रेत्याच्या पानावरची ओळ वाचून थांबू नका. बोर्डाच्या संकेतस्थळावर आदेश उघडून त्यात आपले वर्ष आणि इंजिन आहे याची खात्री करा. नव्या गाड्यांना स्मॉग चेकमधून मिळणारी सवलतही आठ मॉडेल-वर्षांपुरतीच असते, तेव्हा हा विषय पुढे ढकलण्यासारखा नाही.

जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये इंजिनच्या संगणकातील सॉफ्टवेअरही तपासले जाते. कंपनीचे किंवा बोर्डाने मान्य केलेले सॉफ्टवेअर नसेल, तर त्या एकाच कारणावरून गाडी नापास ठरते. त्यामुळे ज्या इनटेकसोबत ट्यून करून घेणे बंधनकारक आहे, त्याचे ट्यूनही त्याच मान्यतेत समाविष्ट आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागेल.

कॅलिपर (नोव्हाय, मिशिगन)

सह्यकडा यांनी कायद्याची बाजू नेमकी मांडली आहे. मी तांत्रिक बाजूबद्दल लिहितो. थोडे विस्ताराने लिहावे लागेल, त्याबद्दल क्षमस्व; पण या विषयावर अर्धवट माहितीच फार फिरते.

प्रथम आपल्या इंजिनाला हवा किती लागते ते पाहू. ५.० लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा ओढते. म्हणजे ७,००० आरपीएमला, सिलिंडर पूर्ण भरतात असे धरले, तर मिनिटाला सुमारे १७,५०० लिटर. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून एवढी हवा जायची तर तिचा वेग सेकंदाला सुमारे ३७ मीटर, म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या आसपास पडतो. साठ सेंटीमीटर लांबीची नळी ती हवा सेकंदाच्या साठाव्या भागात पार करते. एवढ्या अवधीत नळीच्या भिंतीकडून ती काय तापणार? त्यामुळे नळी अ‍ॅल्युमिनियमची, प्लास्टिकची की कार्बन फायबरची, हा प्रश्न पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, जवळपास निरर्थक आहे. सिग्नलला गाडी उभी असताना हवा नळीतून रेंगाळत जाते, तेव्हा धातूची नळी तिला जरूर तापवते, पण तेव्हा आपल्याला शक्ती नकोच असते. मी प्लास्टिकची नळी निवडीन, ती स्वस्त आणि हलकी असते एवढ्याच कारणासाठी.

आता ‘कोल्ड’ या शब्दावर ज्या दाव्याचा सगळा भार आहे, तो पाहू. आपल्या गाडीची मूळ पेटी बॉनेटखालची हवा घेत नाही; ती पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा घेते. म्हणजे मूळ इनटेक हा कोल्ड एअर इनटेकच आहे, फक्त त्यावर तसे छापलेले नाही. गाडी वाहती असताना फिल्टरपाशी पोहोचणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा फार तर काही अंशांनी गरम असते. शिवाय हवा जितकी विरळ होते तितकी शक्ती घटते, हा समजही पुरता खरा नाही. ३० अंशांची हवा ५० अंशांची झाली तर तिची घनता सुमारे सहा टक्क्यांनी उतरते; पण टर्बो नसलेल्या इंजिनासाठी एसएई या अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या दुरुस्ती सूत्रात केल्व्हिनमधील तापमानांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ धरतात, त्यामुळे शक्तीतील घट तीन टक्क्यांच्या आसपास येते. २० अंशांच्या फरकाला ही कथा, तर तीन-चार अंशांच्या फरकाला काय मिळणार याचा अंदाज आपण करू शकता. हवा ५० अंशांवर गेली की इंजिनचा संगणक ठोके (इंधन अवेळी पेटणे) टाळण्यासाठी ठिणगीही मागे घेऊ, म्हणजे उशिरा पाडू, लागतो, त्यामुळे तिथे नुकसान जास्त होते. पण ती स्थिती रहदारीत किंवा ट्रॅकवर रांगेत उभे असताना येते आणि तिथे बंद पेटीचा इनटेक उघड्यापेक्षा नक्कीच सरस ठरतो.

दुसरा दावा अडथळा कमी करण्याचा. हा मोजता येतो. फिल्टरच्या पुढे, थ्रॉटलकडच्या बाजूला, एक बारीक नळी जोडून पाण्याच्या मॅनोमीटरवर पूर्ण थ्रॉटलला किती फरक पडतो ते पाहायचे. धरून चालू की १० इंच पाण्याइतका फरक आला. तो सुमारे २.५ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अडीच टक्के झाला. फिल्टर, पेटी आणि नळी काढून टाकून थ्रॉटल बॉडी उघडी ठेवली तरी याहून जास्त काही मिळणार नाही. ४६० अश्वशक्तीच्या अडीच टक्के म्हणजे साडेअकरा. कोणताही इनटेक हा अडथळा शून्यावर आणत नाही, निम्म्यावर आणला तरी उत्तम कामगिरी म्हणायची.

मग जाहिरातीतले वीस-पंचवीस अश्वशक्तीचे आकडे येतात कुठून? कधी सोबत केलेल्या ट्यूनमधून येतात, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. कधी ते मास एअरफ्लो सेन्सरमधून येतात, आणि निवड करताना सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यायला हवे. हा सेन्सर मूळ पेटीलगतच्या एका ठरावीक व्यासाच्या भागात बसलेला असतो. त्यातील तापलेला घटक समोरून जाणाऱ्या हवेने किती थंड होतो, यावरून संगणक हवेचे वस्तुमान ठरवतो, आणि त्यासाठीचा तक्ता त्या व्यासासाठी आणि त्या नळीतील प्रवाहाच्या आकारासाठीच बनवलेला असतो. आता समजा नवीन नळीत सेन्सरपाशी व्यास १०० ऐवजी ११० मिलिमीटर केला. क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढले, तेवढ्याच हवेचा वेग सुमारे १७ टक्क्यांनी उतरला आणि सेन्सर हवा कमी आल्याचे सांगू लागला. इंजिनात हवा मात्र पूर्वीइतकीच जात आहे. संगणक त्यानुसार इंधन कमी सोडतो आणि, भार कमी आहे असे समजून, ठिणगी पुढे आणतो. ऑक्सिजन सेन्सर इंधनाची चूक बऱ्याच अंशी सावरून घेतात. पण ठिणगीचा तक्ता वाचला जातो तो भाराच्या त्याच चुकीच्या आकड्यावरून. डायनोवर काही अश्वशक्ती वाढलेल्या दिसतात त्या अनेकदा अशा. म्हणजे वाढ हवेतून आलेली नसते, कंपनीने राखून ठेवलेल्या सुरक्षिततेच्या अंतरातून काढून घेतलेली असते. थंडीच्या दिवसांत आणि चांगल्या पेट्रोलवर ते खपून जाते. थंडरहिलला उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो, आणि कॅलिफोर्नियातील सर्वसाधारण पंपावर मिळणारे सर्वांत चांगले पेट्रोल ९१ ऑक्टेनचे असते; तिथे १२ : १ कॉम्प्रेशनचे इंजिन हा खेळ फार वेळ सहन करत नाही.

‘ट्यूनची गरज नाही’ या वाक्याचे म्हणून दोन अर्थ संभवतात. सेन्सरपाशी नळीचा व्यास आणि प्रवाह मूळ भागासारखाच राखला आहे, हा चांगला अर्थ. इंजिन दिवा न लागता चालते, हा दुसरा अर्थ. कंपनीला सेन्सरपाशीचा आतील व्यास थेट विचारा. उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या नावाकडे वळा.

पडताळणीही घरच्या घरी होते. ओबीडी पोर्टला (इंजिनच्या संगणकातील नोंदी वाचण्याच्या जोडणीला) जोडायचे साधे यंत्र घ्या आणि इनटेक बदलण्यापूर्वी व बदलल्यानंतर इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधनात टक्केवारीने करत असलेली दुरुस्ती, नोंदवा. आधी ते शून्याच्या आसपास असून नंतर अधिक आठ-दहा टक्क्यांवर गेले, तर सेन्सर कमी वाचत आहे किंवा सेन्सरनंतरच्या एखाद्या जोडातून न मोजलेली हवा आत शिरत आहे. याच मार्गाने पुढे पी-०१७१ आणि पी-०१७४ हे, मिश्रणात इंधन कमी असल्याचे सांगणारे, कोड येतात.

राहिला डायनोचा आलेख. तो पाहताना एकच प्रश्न विचारा : बॉनेट उघडे होते की बंद? उघड्या बॉनेटसमोर मोठा पंखा लावून केलेल्या चाचणीत उघड्या फिल्टरचा दोष दिसूच शकत नाही, कारण रस्त्यावर ज्या गरम कोंडीत तो बसणार आहे ती कोंडीच तिथे नसते.

वळणवेडा (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

कॅलिपर यांच्या गणिताशी माझा वाद नाही, परंतु या चर्चेत एक बाजू सुटते आहे. इनटेक घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक आवाजासाठी घेतात, आणि ते कबूल करायला संकोचतात म्हणून अश्वशक्तीचा आधार घेतात. मूळ पेटी आणि तिच्यासोबतचे पोकळ कप्पे हवेचा घोष दाबण्यासाठीच रचलेले असतात. मग तो आवाज चालकापर्यंत पोहोचावा म्हणून कंपनी इनटेकपासून डॅशबोर्डमागच्या पत्र्यापर्यंत एक वेगळी नळी नेते. चांगल्या इनटेकमुळे ४,००० च्या पुढे जो खर्जातला घोष ऐकू येतो तो या इंजिनाचा खरा स्वर आहे, आणि त्यासाठी चारशे डॉलर मोजावेत असे एखाद्याला वाटले तर त्यात गैर काहीच नाही. हायवे ९ वरून सॅराटोगाकडे उतरताना खिडक्या खाली करून तो ऐकून पाहावा.

मात्र लागुना सेकाला जाणार असाल तर सावध राहा. तेथे आवाजाची मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते, मोजणी धावपट्टीच्या कडेने होते, आणि अनेक ट्रॅक-डेला ती ९० किंवा ९२ डेसिबल असते. सायलेन्सर मूळचा असूनही पूर्ण थ्रॉटलला उघड्या इनटेकचा घोष त्यात भर घालतो. बंद पेटीचा इनटेक या बाबतीतही बरा.

चिखलवाट (पुणे)

मस्टँगचा अनुभव मला नाही, माझी गाडी टर्बो इंजिनाची छोटी हॅचबॅक आहे. पण धूळ आणि पाणी या दोन गोष्टींबद्दल इकडून थोडे सांगता येईल. काही इनटेक फिल्टर बंपरच्या आत, चाकाच्या पुढे अगदी खाली नेतात, कारण तिथे हवा थंड असते. तशी रचना माझ्या ओळखीतल्या एका गाडीत होती. जुलैच्या पावसात रस्त्याच्या सखल भागात साचलेल्या पाण्यातून ती गेली, फिल्टरने पाणी ओढले आणि कनेक्टिंग रॉड वाकला. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये थोडेसे शिरले तरी पुरते. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो एवढाच फरक. फिल्टर किती उंचीवर बसतो हे बघूनच घ्यावे.

धुळीबद्दल असे की, फिल्टरची खरी तुलना आयएसओ ५०११ या मानकानुसार होते आणि त्यात अडथळा, धूळ अडवण्याची क्षमता व किती धूळ साठते या तिन्ही गोष्टी मोजतात. जाहिरातीत फक्त पहिली छापतात. तेल लावलेल्या कापडी फिल्टरमधून हवा सहज जाते, पण बारीक धूळही कागदी फिल्टरपेक्षा जास्त जाते. शिवाय धुऊन झाल्यावर लोक हात सैल सोडून तेल लावतात आणि ते उडून सेन्सरवर बसते. मी कोरडाच फिल्टर वापरतो.

इकडे वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालानंतर कंपनीच्या मूळ रचनेत बदल करणे अडचणीचे ठरू शकते, तेव्हा कॅलिफोर्नियातील मान्यतेचा क्रमांक दाखवून येथे काही साधणार नाही.

निळाशार (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

सर्वांचे मनापासून आभार. कॅलिपर यांनी सुचवल्याप्रमाणे ओबीडी यंत्र लावून मूळ इनटेकवर नोंदी घेतल्या. बाहेर २९ अंश असताना २८० महामार्गावर स्थिर वेगात इनटेकमधील हवा ३३ अंशांवर होती. एल कमिनो रिअलवर संध्याकाळच्या रहदारीत ती ५२ अंशांपर्यंत चढली आणि गाडी मोकळी धावू लागल्यावर दोन-तीन मिनिटांत पुन्हा खाली आली. दोन्ही बाजूंचे ट्रिम अधिक-उणे दोन टक्क्यांच्या आत आहेत.

बोर्डाच्या आदेशांतून माझे वर्ष आणि इंजिन नमूद असलेली नावे काढली, तेव्हा यादी बरीच लहान झाली. त्यातील एकाची पेटी बंद आहे, वरून पारदर्शक झाकण आहे. दुसऱ्याची पेटी वरून उघडी असून कडेला रबरी पट्टी आहे, जी बॉनेटला टेकते. दुसरा बराच स्वस्त आहे. कोणता घ्यावा? की आहे तीच पेटी ठेवून आत केवळ कोरडा फिल्टर टाकावा?

कॅलिपर (नोव्हाय, मिशिगन)

आपल्या नोंदी अगदी अपेक्षेप्रमाणे आहेत. महामार्गावर चार अंशांचा फरक म्हणजे आधीच्या सूत्रानुसार जेमतेम तीन अश्वशक्ती, आणि तेही नवा इनटेक हा फरक पूर्णपणे पुसून टाकील असे धरले तर. त्यामुळे शक्ती हाच हेतू असेल, तर मूळ पेटीत स्वच्छ फिल्टर टाकून थांबावे आणि उरलेले पैसे ट्रॅक-डेसाठी ब्रेक पॅड व ब्रेक ऑइल यांवर खर्च करावेत. तिथे त्यांचा उपयोग पहिल्याच वळणावर जाणवेल.

वळणवेडा म्हणतात तसा आवाज हवा असेल, तर बंद पेटीचा घ्या. रबरी पट्टीची रचना कागदावर ठीक असते, परंतु ती बॉनेटच्या आतल्या बाजूला सर्वत्र टेकते का हे बसवल्याखेरीज कळत नाही. स्वस्त इनटेक घ्यायचेच ठरवलेत तर पट्टीच्या कडेला खडूची पूड लावून बॉनेट हलकेच बंद करा आणि पुन्हा उघडून आतल्या बाजूला खूण कुठे उमटली, कुठे नाही ते पाहा. रेडिएटरच्या बाजूचा कोपरा बहुधा कोरा राहतो आणि गरम हवा नेमकी तिथूनच शिरते.

बसवताना सेन्सर मूळ पेटीतून काढताना त्याच्या घटकाला बोट लावू नका, आणि बाणाची दिशा तपासूनच तो नव्या नळीत बसवा. जोडांच्या पट्ट्या शंभरेक मैलांनंतर पुन्हा आवळा. रबरी जोड तापून थोडे बसतात आणि ट्रिम वाढल्याच्या अर्ध्या तक्रारी तेवढ्याने मिटतात. मूळ पेटी, तिचे स्क्रू आणि आवाजाची नळी एकत्र बांधून गॅरेजमध्ये जपून ठेवा. गाडी विकताना घेणाऱ्याला मूळ इनटेकच हवा असतो, आणि सुटी पेटी नव्याने घ्यायला गेलात तर तिची किंमत ऐकून आपण चकित व्हाल.

सह्यकडा (फ्रिमाँट, कॅलिफोर्निया)

स्टिकर रेडिएटरच्या वरच्या आडव्या पत्र्यावर लावा, इनटेकच्या पेटीवर नको. पेटी धुताना तो निघून येतो. आदेशाची एक छापील प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात (ग्लव्ह बॉक्समध्ये) ठेवलीत तर स्मॉग केंद्रावरचा वेळही वाचेल.